आवाज मारू नका, विखुरू द्या

दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाचे सोहळे होतात, सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या तसबिरीला हार पडतो आणि प्रकाशाच्या विकिरणावर चार भाषणे होतात. ज्या सभागृहात ही भाषणे होतात तेथे तिसऱ्या रांगेपलीकडे वक्त्याचे एक वाक्य धड ऐकू येत नाही, ही गोष्ट मात्र कोणालाच खटकत नाही. रामन यांनी आयुष्याचा मोठा काळ ध्वनीच्या अभ्यासात घालवला होता. व्हायोलिनच्या तारांचे कंपन, तबला-मृदंगाच्या शाईमुळे निर्माण होणारे सुसंवादी स्वर, घुमटांतील कुजबुज या विषयांवर त्यांनी प्रबंध लिहिले. ज्या देशाने असा माणूस दिला, त्या देशात खोलीच्या ध्वनीचा विचार म्हणजे श्रीमंतांची चैन ठरावी, याहून मोठा विरोधाभास कोणता?

माझा आक्षेप थोडक्यात सांगतो. आपण आज ऐकण्याच्या जागांवर दोन प्रकारे अन्याय करत आहोत. नव्या जागांत आवाज मारून टाकण्यालाच ‘ध्वनी-सुधारणा’ म्हणतो, आणि जुन्या जागांत चांगला आवाज असला तर त्याला चमत्कार म्हणून हात जोडतो. दोन्हींत मोजमाप नाही, म्हणून दोन्हींत विज्ञानही नाही.

आधी नव्या जागा पाहू. हौशी रसिक घरात संगीत ऐकण्यासाठी एखादी खोली राखून ठेवतो. महागडे स्पीकर आणतो, आणि आवाज घुमतो आहे असे दिसताच बाजारातून स्पंजचे टवके आणून चारही भिंतींना चिकटवतो. ज्याला तेवढा खर्च परवडत नाही तो अंड्यांचे ट्रे चिकटवतो. हे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. साधे गणित करून पाहावे. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा खोलीचे घनफळ ६० घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर होतो. गिलावा, फरशी आणि काच यांनी सरासरी ५ टक्के ध्वनी शोषला असे धरले, तर वॉलेस सॅबाइन यांच्या सूत्राप्रमाणे आवाज विरायला सुमारे २ सेकंद लागतात. घरगुती श्रवणाला हे फारच जास्त आहे. म्हणजे तक्रार खरी आहे. चूक आहे ती उपायात. अडीच सेंटिमीटर जाडीचा स्पंज फक्त उंच पट्टीतला ध्वनी गिळतो. १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. अशा लाटेपुढे बोटभर जाडीचा स्पंज म्हणजे समुद्रापुढे धोतराचा सोगा. परिणाम असा होतो की झांजेची, तंबोऱ्याच्या जवारीची, गायकाच्या श्वासाची चमक नाहीशी होते आणि खर्ज तसाच गुरगुरत राहतो. खोली शांत वाटते, कारण ती अर्धी बहिरी झालेली असते.

आणि हा स्पंज नुसता निरुपयोगी नसतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइट क्लबमध्ये भिंतींना लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि १०० माणसे गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात ‘किस’ क्लबमध्ये छताच्या फोमने २४२ बळी घेतले. दोन्ही ठिकाणी फोम आवाजासाठीच लावला होता. आपल्या गल्लोगल्लीच्या ध्वनिमुद्रण-खोल्या, जिम आणि क्लासेस यांत काय चिकटवले आहे, हे विचारण्याची वेळ दुर्घटनेनंतर येऊ नये.

मग खरा उपाय कोणता? जेथे गरज आहे तेथे पुरेशा जाडीचे आणि आगीला दाद न देणारे शोषक लावावेत, हे खरेच. परंतु खोलीला जिवंत ठेवून तिचा दोष काढणारे साधन वेगळे आहे. त्याचे नाव डिफ्युजर, म्हणजे ध्वनी विखुरणारे पृष्ठ. आरशावर पडलेला कवडसा एकाच जागी जाऊन डोळे दिपवतो, तर चुन्याच्या भिंतीवर पडलेले ऊन साऱ्या खोलीला उजळते. दोन्हींत प्रकाश परतच येतो, पण एकात तो टोचतो आणि दुसऱ्यात पसरतो. सपाट भिंत ही ध्वनीचा आरसा आहे. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये टाळी वाजवली की जो फडफडता प्रतिध्वनी येतो, तो या आरशांचाच खेळ. डिफ्युजर त्याच ध्वनीला अनेक दिशांनी, थोड्या थोड्या कालांतराने परत पाठवतो. भिंतींना कान असतात असे आपण म्हणतो, पण त्यांना तोंडही असते. त्या तोंडाने काय बोलावे, एवढाच हा प्रश्न आहे.

हे बोलणे शिकवले मानफ्रेड श्रेडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला फिलहार्मोनिक हॉल उघडला आणि त्याच्या ध्वनीविषयी तक्रारींचा पाऊस पडला. बेल प्रयोगशाळेतील ज्या मंडळींनी त्याची तपासणी केली, त्यांत श्रेडर होते. पुढे ग्योटिंगेन येथे त्यांनी सहकाऱ्यांसह युरोपातील वीसहून अधिक संगीतगृहांची तुलना केली. प्रत्येक ठिकाणी कृत्रिम डोक्याच्या दोन्ही कानांत माइक बसवून ध्वनिमुद्रण केले, आणि ते प्रतिध्वनिरहित खोलीत श्रोत्यांना ऐकवून पसंती नोंदवली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा एक निष्कर्ष असा होता की दोन्ही कानांत पोहोचणारा ध्वनी जितका वेगळा, तितका तो श्रोत्यांना आवडतो. म्हणजे बाजूंनी येणारा, विखुरलेला ध्वनी हवा. मग तो निर्माण कसा करायचा? १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये श्रेडर यांनी उत्तर दिले, आणि ते उत्तर आले अंकशास्त्रातून.

कृती कोणत्याही सुताराला समजेल अशी आहे. ७ ही मूळ संख्या घ्या. ० ते ६ या अंकांचे वर्ग करा, प्रत्येकाला ७ ने भागा आणि बाकी लिहा: ०, १, ४, २, २, ४, १. आता या प्रमाणात खोल असे सात उभे कप्पे शेजारी शेजारी करा आणि मध्ये पातळ फळ्या ठेवा. ५०० हर्ट्झपासून वरच्या ध्वनीसाठी हे करायचे, तर एका एककाची खोली सुमारे ४.९ सेंटिमीटर येते. म्हणजे कप्पे अनुक्रमे ०, ४.९, १९.६, ९.८, ९.८, १९.६ आणि ४.९ सेंटिमीटर खोल. कप्प्याची रुंदी ५ सेंटिमीटर ठेवली तर साधारण ३४०० हर्ट्झपर्यंत हिशेब चालतो. वेगवेगळ्या खोलीतून परतलेल्या लाटा एकमेकींशी अशा मिसळतात की ध्वनी ठरावीक अनेक दिशांत जवळजवळ सारख्या प्रमाणात वाटला जातो. अशा शेषांचा अभ्यास ऑयलर, लजांद्र आणि गाउस यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत केला, तेव्हा त्यांच्या मनात संगीतगृह नव्हते. १९४० मध्ये हार्डी यांनी अंकशास्त्राच्या निरुपयोगीपणाचा अभिमान मिरवला. चाळीस वर्षांच्या आत तेच अंक भिंतीवर जाऊन बसले.

हार्डी म्हटले की रामानुजन आठवतात, आणि रामानुजन आठवले की चेन्नईचे जॉर्ज टाउन. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले आणि त्या काळात जॉर्ज टाउनच्याच गल्लीत राहत होते. येथे एक इशारा देतो. डिफ्युजर रामानुजन यांनी शोधला नाही. असा मजकूर उद्या फिरू लागलाच तर तो पुढे ढकलू नका. थोर माणसाला खोट्या श्रेयाची गरज नसते, आणि खोट्या श्रेयावर पोसलेला अभिमान प्रयोगशाळेचे दार उघडत नाही. रामानुजन यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच की आज निरर्थक वाटणारी संख्या उद्या कोणाच्या कानी कशी येईल, ते सांगता येत नाही.

जॉर्ज टाउनकडे वळण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. रामानुजन इंग्लंडला निघून गेल्यानंतर पुढच्या वर्षी, १९१५ मध्ये, याच परिसरातील आर्मेनियन स्ट्रीटवर एक सभागृह उभे राहिले. अॅनी बेझंट यांनी ते यंग मेन्स इंडियन असोसिएशनसाठी बांधवले आणि त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला निवर्तलेल्या एका मराठी माणसाचे नाव त्याला दिले: गोखले हॉल. पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे हे स्मारक मद्रासच्या व्यापारी वस्तीत होते. होमरूल चळवळीची भाषणे तेथे झाली आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीही झाल्या. १९१५ मध्ये सभागृहांत विद्युत ध्वनिवर्धक नव्हते. वक्त्याला आणि गायकाला साथ द्यायची ती वास्तूनेच. गोखले हॉलमधील श्रवणाची कीर्ती जुने रसिक पुढच्या पिढ्यांना सांगत आले, ती याच काळातली.

या शतकाच्या पहिल्या दशकात या वास्तूचे पाडकाम सुरू झाले. वारसाप्रेमी न्यायालयात गेले आणि ते थांबले. वास्तू वाचली, पण तिच्यातला आवाज मुका झाला. हा वाद ज्या भाषेत झाला, ती भाषा मला अस्वस्थ करते. एका बाजूला ‘जुनाट, धोकादायक, कालबाह्य’ ही विशेषणे आणि दुसऱ्या बाजूला ‘अद्भुत, दैवी, आता असे होणे नाही’ ही विशेषणे. विशेषणांची विशेषणांशी कुस्ती लागली की निकाल नेहमी जमिनीच्या भावाप्रमाणे लागतो. अद्भुत म्हणजे किती? आवाज विरायला किती सेकंद लागत होते? पहिला परावर्तित ध्वनी किती मिलिसेकंदांनी येत होता? बाजूच्या भिंतींकडून किती आणि छताकडून किती? हे आकडे हाती असते, तर वारसाप्रेमींच्या बाजूला एक असा साक्षीदार उभा राहिला असता की ज्याची उलटतपासणी कोणाला करता आली नसती.

जुन्या सभागृहांत चमत्कार काहीच नव्हता. १८७० चे व्हिएन्नाचे मुझिकफेराइन आणि सॅबाइन यांच्या सल्ल्याने १९०० मध्ये बांधलेले बोस्टनचे सिंफनी हॉल यांच्याकडे पाहा. पुतळे, कोनाडे, सज्जे, छताचे खणखण. सजावटीसाठी केलेल्या या उंचसखल कामाने ध्वनी विखुरला जात होता. सॅबाइन यांनी आकडे दिले ते घुमण्याच्या अवधीचे. विखुरण्याचे गणित श्रेडरपर्यंत कोणी नेमके मांडले नव्हते. पुढे स्थापत्याची फॅशन बदलली, भिंती गुळगुळीत झाल्या, कोनाडे धुळीचे घर म्हणून गेले आणि त्यांच्याबरोबर विखुरणेही गेले. मग आवाज बिघडला म्हणून माइक आले, माइक शिट्टी घालू लागला म्हणून स्पंज आला. हे सारे वरातीमागून घोडे.

‘भारतात हे मोजणार कोण?’ असे विचारणाऱ्यांनी विजापूरचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तेथील गोल घुमटाखालची कुजबुज हा शतकानुशतके वाटाड्यांच्या गोष्टींचा विषय होता. रामन यांनी १९२१-२२ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्सच्या आणि आपल्याकडील घुमटांच्या कुजबुज-सज्जांवर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गोल घुमट होता. लॉर्ड रेली यांच्या स्पष्टीकरणाची त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगाने पडताळणी केली. गोल घुमट ही डिफ्युजरच्या अगदी उलट टोकाची वास्तू. तेथे वक्र भिंत ध्वनीला विखुरत नाही, कडेकडेने धरून नेते. म्हणूनच तेथे कुजबुज ऐकू येते आणि भाषण करता येत नाही. आश्चर्यापुढे हात न जोडता त्याचे मोजमाप करण्याची ही रीत शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे होती. ती परकी नाही. आपण तिला विसरलो आहोत.

न मोजण्याची किंमत काय असते, ते मराठी माणसाला आता सांगावे लागू नये. गोखले हॉलच्याच वर्षी, १९१५ मध्ये, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, पूर्ण झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळाले. पुन्हा होते तसे उभारण्याचे आश्वासन मिळाले. दगड मोजून पुन्हा रचता येतो. आवाज मोजलेला नसेल तर रचता येत नाही. व्हेनिसचे ला फेनिचे नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ रोजी जळाले. त्याआधी सुमारे दोन महिने संशोधकांनी त्याचा ध्वनी-ठसा घेऊन ठेवला होता. नाट्यगृह २००३ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा जुना आवाज कसा होता हे पडताळायला नोंद हाती होती. पॅरिसच्या नोत्र-दामला २०१९ मध्ये आग लागली, आणि तिचाही ठसा २०१३ मध्ये घेतलेला होता. हा ठसा म्हणजे काय? एक स्वरफेरी वाजवायची, म्हणजे खर्जापासून अतितारापर्यंत चढत जाणारा एकच ध्वनी, आणि खोलीने दिलेले उत्तर माइकने टिपायचे. एक स्पीकर, एक माइक, एक लॅपटॉप आणि एक दिवस. पद्धती आंतरराष्ट्रीय मानकांत लिहिलेल्या आहेत, आयएसओ ३३८२ मध्ये आणि विखुरण्याच्या मापनासाठी आयएसओ १७४९७ मध्ये.

आता काही आक्षेप. पहिला असा की गरीब देशाला हे चोचले परवडणार नाहीत. सॅबाइन यांचे काम सुरू झाले ते राजेशाही संगीतगृहात नव्हे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानकक्षात प्राध्यापकांचे बोलणे विद्यार्थ्यांना कळेना, कारण शब्द साडेपाच सेकंद घोळत राहायचा. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि मोजत बसले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्र्याचे छत, सिमेंटच्या भिंती आणि साठ मुले असतात. शेवटच्या बाकावरच्या मुलाला ‘शेष’ आणि ‘शेत’ यांतला फरक ऐकू येत नसेल, तर ते मूल मठ्ठ ठरते आणि भिंत निर्दोष सुटते. चोचले म्हणायचे ते याला की त्याला?

दुसरा आक्षेप रसिकांचा: कान हाच अंतिम न्यायाधीश, आकडे काय सांगणार? मान्य. ग्योटिंगेनला न्याय कानांनीच केला. आकड्याने एवढेच केले की कानाचा निकाल दुसऱ्या वास्तूत लागू करता यावा. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: चांगला ध्वनिवर्धक बसवला की काम भागते. नाही भागत. माइक बोलणाऱ्याचा आवाज वाढवतो तसा खोलीचा गोंधळही वाढवतो.

आणि डिफ्युजर विकणाऱ्यांनाही दोन शब्द. ही जादूची फळी नव्हे. ५०० हर्ट्झसाठी केलेल्या डिफ्युजरपासून श्रोता निदान दोन मीटर दूर हवा, नाहीतर विखुरणे जुळण्याआधीच कानी पडते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला जो खर्ज उसळतो, त्यावर डिफ्युजरचा इलाज चालत नाही. त्याने शेजाऱ्याचा आवाज अडत नाही. लहान खोलीत दाराशी, स्पीकरच्या बाजूला जाड शोषक आणि पाठीमागे वेगवेगळ्या खोलीच्या पुस्तकांनी भरलेले कपाट, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. नक्षीदार थर्माकोलला ‘डिफ्युजर’ नाव देऊन विकणे आणि स्पंजला ‘साउंडप्रूफ’ म्हणणे ही एकाच दुकानाची दोन दारे आहेत.

मागण्या तीन. एक, सार्वजनिक निधीतून बांधल्या जाणाऱ्या किंवा दुरुस्त होणाऱ्या प्रत्येक सभागृहाचे आणि नाट्यगृहाचे ध्वनिमापन कामाआधी व कामानंतर व्हावे, आणि अंतिम देयक त्या आकड्यांवर अवलंबून असावे. आपली सभागृहांच्या ध्वनिरचनेची भारतीय मानक संहिता आयएस २५२६ ही १९६३ ची, म्हणजे श्रेडर यांच्या पहिल्या प्रबंधाच्या बारा वर्षे आधीची. आजच्या निविदांनी तेवढ्यावर थांबू नये. दोन, वारसा वास्तूंच्या नोंदीत दर्शनी भागाच्या छायाचित्राबरोबर ध्वनी-ठसाही अनिवार्य असावा. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा गेली कित्येक वर्षे चालू आहे. त्या १९६८ च्या वास्तूचे जे काही करायचे ते करण्याआधी तिचा आवाज टिपून सार्वजनिक करावा. तीन, गोखले हॉल. ज्याच्या नावाने ती वास्तू उभी आहे, त्या गोखल्यांनी कायदेमंडळात सरकारच्या अंदाजपत्रकावर जे घणाघात केले ते आकडे हाती घेऊनच. त्यांच्या स्मारकाची बाजू तरी विशेषणांनी मांडली जाऊ नये. चेन्नईत तंत्रज्ञान संस्था आहे, महाविद्यालये आहेत, संगीत सभा आहेत. एका रविवारी माइक घेऊन आर्मेनियन स्ट्रीटवर जाण्यासाठी कोणत्या मंजुरीची वाट पाहायची आहे, ते तिथल्या विद्यार्थ्यांनीच संबंधितांना विचारावे. आपापल्या गावच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला हाच प्रश्न आपणही विचारावा, आणि मिळालेले उत्तर येथे खाली लिहावे.